कुंचीतला वरवंटा

बलभीमनं ट्रकच्या वायपरची जुनी मोटार घरातल्या मेढीच्या खांबाला आवळली, तिच्या दांडीला पाळण्याची दोरी बांधली आणि बॅटरीच्या तारा एका डबीत नेल्या. डबीत त्यानं केलेला टायमर. त्याचं काम एवढंच, की मोटारीनं दोन झोके द्यावेत, कट्ट वाजून थांबावं, झोका निवला की पुन्हा दोन. उद्यापासून कस्तुराबाईला दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचं होतं. बाळ सासूजवळ राहणार. पण कडूबाईची बोटं आखडलेली, तिच्यानं दोरी ओढवत नव्हती.

कस्तुराबाईचं काळीज त्या कट्टला टांगलेलं. नाहीच वाजलं तर?

आधी रिकामा हलवून बघा, असं ती नवऱ्याला म्हणाली, तर सासूनं अडवलं. "रिकामा पाळणा हलवू न्हाय. लेकराला बाधतं."

मग बारशाला करतात तसा वरवंटा कुंचीत गुंडाळून आत निजवला. बराच वेळ सगळं बिनघोर चाललं. बलभीम दूध सोसायटीत कामाला गेला. लेकराला खालीच घोंगडीवर ठेवा, असं सासूला बजावून ती टँकरच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिथं तिच्या मनात आलं, आत्याबाईंना त्या पाळण्याचं भारी कौतुक. पोर रडलं, तर वरवंटा काढून त्यालाच निजवतील.

घागर रांगेत तशीच टाकून ती निघाली.

अंगणातच मोटारीची घरघर कानी आली. ती थांबेना. कट्ट नाही. आत धप्पकन काहीतरी पडलं आणि त्यामागं रडणं आलं नाही.

पाळणा आढ्याला भिडत होता. खाली कुंची पडलेली, तोंडावर कापड आलेलं. हात लावायचा धीर होईना. लावला, तर गार लागलं.

गार आणि टणक. दगड होता तो.

तिनं बॅटरीची तार उपटली आणि रिकामा पाळणा दोन्ही हातांनी धरून ठेवला. गोठ्यातून कडूबाई आली. पोर तिच्या कडेवर, मूठ चोखत होतं.

"रडाया लागलं म्हणून त्यातच निजवणार व्हते," सासू म्हणाली. "पर वरवंटाच उचलंना ह्या हातानं."

संध्याकाळी बलभीम म्हणाला, डबीतली पत्ती चिकटली होती, घासली की झालं.

"मग आधी तुम्ही निजा त्यात," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कामावर तिनं बाभळीला झोळी बांधली. हातोडीचे दोन घाव घालायची, थांबायची, झोळीकडं बघायची. पुन्हा दोन.