सात एकतीसची मागणी

"अगं बाई, दोनशे? एका रात्रीत एवढं पाणी चढलं?" बाईंनी पडद्याला जवळजवळ नाक लावलं.

शेजारच्या खुर्चीतली इंजिनिअर मुलगी हसली. "पाणी नाही हो मॅडम. दोनशे म्हणजे मागणी आली आणि उत्तर नीट पोचलं. सगळं ठीक."

"मग सरळ 'ठीक' लिहायला याच्या बापाचं काय जात होतं?"

नदीच्या पाण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या त्या कचेरीत बाईंची बावीस वर्षं गेली होती. नदीवर वरच्या अंगाला तीन ठिकाणी पातळी मोजली जायची. ते आकडे डेटाबेसमध्ये साठायचे आणि ज्याला हवे असतील तो बाईंना फोन करायचा. बाई ठरलेली क्वेरी चालवायच्या, पडद्यावर तीन ओळी यायच्या, त्या वाचून दाखवायच्या. आता वेब एपीआय आला होता. ज्याने त्याने आपल्या जागेवर बसून बटण दाबायचं, की निकाल थेट त्याच्या समोर. मधे बाई नकोत. पण निवृत्तीला दीड वर्ष होतं, तेव्हा त्यांना कुठेतरी बसवणं भाग होतं. म्हणून हा पडदा. कुणी, किती वाजता, काय मागितलं आणि त्याला मिळालं की नाही, हे त्यावर ओळीओळीने सरकत राहायचं.

"बढती झालीय माझी," त्या घरी सुनेला म्हणाल्या. "काम काही नाही, नुसतं बघायचं."

टेबलावरचा फोन अजून कुणी उचलून नेला नव्हता, पण त्याची लाइन बंद झाली होती. त्याच्याकडे नजर गेली की बाईंना साडेसात आठवायचे. सकाळच्या पाळीला त्या येऊन बसतात न बसतात तोच घंटा वाजायची. "खालचा दरवाजा बोलतोय." किंचित घोगरा, सावकाश आवाज. खालच्या धरणाचे दरवाजे सांभाळणारा तो माणूस. वर पाणी किती आहे ते कळल्याशिवाय त्याला दरवाजे किती उघडायचे ते ठरवता येत नसे. बावीस वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

बाई आकडे सांगायच्या. मग तो तेच आकडे एकेक करून परत म्हणून दाखवायचा आणि थांबायचा. बाईंनी "बरोबर" म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. सुरुवातीला बाईंचं डोकं फिरायचं.

"एकदा सांगितलेलं कळत नाही का हो तुम्हाला?"

"कळतं की. पण चुकलं तर पाणी काय माझ्यासाठी थांबणार आहे?"

एकदा सासूबाई दवाखान्यात होत्या; बोलता बोलता बाईंनी ते त्याला आदल्या दिवशी सांगितलं होतं. बाई तिथूनच परस्पर कामावर आल्या होत्या. डोळ्यांत झोप नुसती दाटलेली.

"चार, सहा," तिकडून आवाज आला. मग तो जरा थांबला. "बाई, काल एकसष्ट होते. पुन्हा बघता का?"

बाईंनी पाहिलं. चौसष्ट होते; त्यांनी आकडे उलटे वाचले होते. धरणाच्या खाली सगळी वस्ती होती.

"असू द्या, होतं असं," तो म्हणाला. "आधी चहा घ्या. पेशंट कसं आहे?" आणि त्याने याबद्दल कुणाजवळ चकार शब्द काढला नाही.

नव्या पडद्याला दोन आठवडे झाले असतील. इंजिनिअर मुलगी वैतागून म्हणाली, "हे बघा मॅडम. खालचा दरवाजा सात तीसला मागतो, उत्तर मिळतं, आणि सात एकतीसला परत तेच मागतो. रोज! उगाच भार. मी दुसरी मागणी अडवूनच टाकते."

"हात लावायचा नाही त्याला!"

आवाज एवढा चढला की पलीकडच्या टेबलावरच्या माना वळल्या. मग बाईंनी मुलीला खुर्ची जवळ ओढायला सांगितली आणि चार-सहाची ती गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितली. "तो अजून ताडून बघतोय गं. मी नाही तर नाही, मशीनकडून."

मुलीने पडद्यावरच्या त्या दोन ओळी पुन्हा पाहिल्या. "राहू दे मग," ती म्हणाली. "एका ओळीने काय होतंय!"

तेव्हापासून बाईंचा दिवस त्या दोन ओळींनी सुरू व्हायचा. दुसरी आली की त्या तोंडातल्या तोंडात "बरोबर" म्हणायच्या. खरं तर त्यांना त्या आवाजाची फार आठवण यायची. कधीकधी घरच्या माणसांपेक्षाही जास्त, आणि त्याची त्यांना थोडी लाजही वाटायची. शेवटच्या फोनवर तो म्हणाला होता, "माझेही आठ महिनेच राहिलेत बाई. मग मीही घरी." बाई मनात महिने मोजत होत्या.

आठ महिने सरले आणि नवव्याच्या एक तारखेला सात तीसची ओळ आली. दोनशे. मग सात एकतीस झाले. सात पस्तीस झाले. बाईंचा चहा तसाच गार झाला.

"अरे वा, सुधारलं वाटतं त्यांचं," मुलगी म्हणाली. बाईंच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं तशी तिने खुर्ची जवळ ओढली.

"नवा माणूस आलाय," बाई म्हणाल्या. "तुझ्या मोबाइलवरून मला त्याला फोन लावून दे जरा वेळाने. त्याला दोनदा बघायला शिकवायला हवं."

मग त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. मागणीत खालच्या दरवाज्याचा क्रमांक घातला, तीच क्वेरी चालवली. तीन ओळी आल्या. बाईंनी चष्मा नीट केला आणि एकेक आकडा सावकाश, मोठ्याने म्हटला, अगदी तो म्हणायचा तसा. शेवटचा म्हणून झाल्यावर त्या थांबल्या.

शेजारच्या खुर्चीतून मुलगी हळूच म्हणाली, "बरोबर."