मुदतवाढ

धरणाच्या मुख्य अभियंत्याने चहाचा कप सरळ नकाशावर ठेवला. नेमका नदीकाठच्या निळ्या पट्ट्यावर. समोर बसलेल्या हवामानशास्त्रज्ञ बाईने तो उचलून बाजूला केला आणि उमटलेलं ओलं वर्तुळ रुमालाने टिपून घेतलं.

"बोला मॅडम," तो म्हणाला. "किती खाली आणायचं म्हणता पाणी?"

"दोन मीटर. पाऊस सुरू व्हायच्या आधी." तिने आवाज सपाट ठेवला. "आता पाऊस पूर्वीसारखा बेताबेताने येत नाही, एकदम कोसळतो. तेव्हा धरण भरलेलं असलं, तर तुम्हाला सगळे दरवाजे एकदम उघडावे लागतील. मग हा निळा भाग पाण्याखाली जाणार. लोकांना घराबाहेर पडायलाही सवड मिळणार नाही."

"आणि पाऊस आलाच नाही तर? शहराला तुमचा नकाशा पाजू?"

टेबलाभोवती हशा पिकला. वनखात्याचे साहेब सगळ्यांत मोठ्याने हसले. त्यांचं जंगल वरच्या अंगाला होतं; त्यांचं काही बुडणार नव्हतं.

अभियंत्याला चेव आला. "हवामान अनुकूलन, हवामान अनुकूलन. म्हणजे जुळवून घेणंच ना? ते तर आम्ही नोकरीला लागल्यापासून करतोय."

हे हसू ती लहानपणापासून ओळखून होती. तिची वस्तू मोडायची आणि आधी आपणच हसायचं, म्हणजे बाकीचेही हसतात. मुख्य अभियंता तिचा सख्खा थोरला भाऊ होता. खोलीत सगळ्यांना ते ठाऊक होतं, आणि तीन वर्षं चाललेल्या या संयुक्त अभ्यासात दोघं एकमेकांना व्याह्यांसारखं अहो-जाहो करत आले होते. कधीकाळी हाच दादा पाटाच्या पाण्यात कागदी होड्या सोडून प्रवाहाचा वेग मोजायचा. आता त्याला दोनच गोष्टी वाचता येत: धरणातली पातळी आणि वरिष्ठांची मर्जी. त्याच्या चकचकीत बुटांकडे बघतानाही तिला किळस आली.

तिच्या संस्थेचे संचालक तिच्या कानाशी लागले. "ताणू नका. अभ्यासाला वर्षभराची मुदतवाढ मिळतेय. आपली माणसं टिकतील, नवी यंत्रं येतील."

त्यांच्या तोंडाला बिस्किटाचा वास येत होता. शेवटी ठराव झाला: या विषयावर अधिक अभ्यासाची गरज आहे. कुणाचंच नाव घ्यावं न लागता काहीही बुडवता येईल असं ते वाक्य होतं. सगळ्यांनी सह्या केल्या. तिनेही केली.

रविवारी ती अण्णांकडे गेली. आई गेल्यापासून अण्णा नदीकाठच्या गल्लीत एकटेच राहत. घर तळमजल्यावर, निळ्या पट्ट्याच्या अगदी मध्यावर. त्यांना तिथून हलवावं असं तिच्या कितीदा मनात आलं होतं. पण एका घराला सांगायचं आणि शेजारच्याला नाही, हे तिच्याच्याने होईना. समितीचा निर्णय होऊ दे, मग सगळ्यांनाच कळेल, असं म्हणत तिने दिवस ढकलले होते.

दारात टेम्पो उभा होता. बाह्या दुमडून दादा गादीला दोरी बांधत होता.

"हे काय चाललंय?"

"अण्णांना माझ्याकडे नेतोय. टेकडीवर हवा चांगली आहे. त्यांना दमा आहे ना."

"दमा काय आज झालाय?"

तो दोरी आवळत राहिला. मान वर केली नाही.

"म्हणजे तू अहवाल वाचलायस," ती म्हणाली.

"दोनदा."

"मग परवा दात काय काढत होतास?"

"धरण भरलेलं दिसलं पाहिजे, असं वरून सांगितलंय, चिमे. मी पाणी खाली आणलं तर मला हलवतील. माझ्या जागी येईल तो पुन्हा भरेल. काय उपयोग?"

"उपयोग," तिने तो शब्द चघळला. तिच्या तोंडाशी कितीतरी शब्द आले. भित्रा. लाचार. हुजऱ्या. वर्षानुवर्षं जपून ठेवलेले, धार लावलेले शब्द. त्यांची चव गोड होती. तेवढ्यात आतून अण्णांनी हाक मारली.

ते खुर्चीत काठी धरून बसले होते, कुठेतरी पाहुणे म्हणून निघाल्यासारखे. "हा म्हणतो चल. मला काही सुचत नाही बघ. तू यातली जाणकार. तू सांग, राहू का इथेच?"

ती त्यांच्याजवळ वाकली. मग तिने त्यांच्या शर्टाची कॉलर नीट केली.

"जा अण्णा. दादा म्हणतोय तर जा."

हमाल चहाला गेले होते. दादाने कपाट एका बाजूने कलतं केलं आणि तिच्याकडे बघितलं.

"धर जरा."

तिने पर्स खांद्यावरून मागे टाकली आणि कपाटाचं दुसरं टोक धरलं. दोघं आडवे होत दारातून बाहेर पडले. शेजारच्या खिडकीत शिवणकाम करणाऱ्या काकूंनी मशीनवरचा पाय काढला. आई आजारी असताना रोजचा डबा त्यांच्याच घरून यायचा.

"काय गं, अण्णा कायमचे चालले की काय? सगळं ठीक आहे ना?"

दादा कपाटाच्या आडून टेम्पोवर चढला. टेम्पोत मागे मागे सरकत तो जागा करत राहिला. त्याचं खाली घातलेलं डोकं तेवढं तिला दिसत होतं.

"काही नाही काकू," ती म्हणाली. "घराला रंग काढायचाय."

"आता? पावसाळ्याच्या तोंडावर?" काकू हसल्या. "तुझं तर कामच हवामानाचं. वाळेल का?"

"वाळेल," ती म्हणाली, आणि आपल्याकडचं टोक तिने आणखी वर उचललं.