हद्दीवरचा वळसा

पुलाच्या अलीकडे वरच्या शहराची हद्द संपायची. तिथं डांबराचा एक मोठा गोल होता, मधोमध पिवळा दगड. वरच्या शहराची निळी बस तिथवर यायची, माणसं उतरवायची आणि दगडाला वळसा घालून माघारी जायची. पुलाच्या पलीकडे खालच्या शहराचा तसलाच गोल आणि त्यांची लाल बस. मधला पूल माणसांनी पायी ओलांडायचा. दोन्हीकडचे महापौर एकमेकांकडे जेवायला जायचे, तेव्हा त्यांच्या मोटारींना हा पूल कधी आडवा आला नाही. हद्द असते ती पायी चालणाऱ्याला.

मोठं इस्पितळ खालच्या शहरात. वरच्या शहरातल्या एका घरची धाकटी सून, तिला सगळे धाकटीच म्हणायचे, तिची मूत्रपिंडं निकामी झालेली, दिवसाआड तिला तिथं डायलिसिसच्या मशीनवर राहावं लागायचं. तिचा नवरा निळ्या बसचा ड्रायव्हर. तो आपल्याच बायकोला गोलापर्यंत आणायचा, उतरवायचा आणि वळायचा. वळताना ती आरशात दिसायची, कठडा धरत पुलावरून चाललेली. नियमच होता तसा. असल्या गोष्टीला नियम म्हणणाऱ्याला त्या पुलावरून एकदा चालवला पाहिजे, भर उन्हात, हातात सुया टोचून घेतल्यावर.

धाकटीची थोरली जाऊ निळ्या बसच्या डेपोत कॅन्टीन चालवायची. एकमेकांना चिकटलेल्या सगळ्या शहरांवर मिळून एकच सरकार निवडायचं ठरलं, महानगर परिषद, पाणी-कचरा-बस सगळं तिच्या हाती, तेव्हा ही कॅन्टीनवाली उभी राहिली. आश्वासन एकच दिलं. पूल ओलांडणारी बस. लोकांनी हसत हसत मतं दिली आणि ती निवडून आली. मग नुसत्या बसच्या रंगावरून परिषदेच्या बैठकांमागून बैठका वाया गेल्या. निळी नको, लाल नको. शेवटी पांढरी. लग्न ठरण्याआधी मानापमान संपवायचे, तसं.

पहिल्या फेरीला धाकटीचा नवरा, म्हणजे कॅन्टीनवालीचे भाऊजीच, चाकावर होते. सर्वांत जुना ड्रायव्हर म्हणून डेपोनंच त्यांना नेमलं होतं. कॅन्टीनवाली पुढच्या बाकावर, शेजारी खिडकीशी धाकटी. गाडी भरलेली. उतार संपला, गोल आला. भाऊजींनी वेग कमी केला, इशारा दिला, चाक पुरतं फिरवलं आणि गाडी दगडाला अगदी झोकात वळसा घालून परत चढाला लागली.

कुणाला ते खटकलंच नाही. कारण अर्धी गाडी पिशव्या उचलून दाराशी उभी होती, उतरायला. धाकटीही उठली होती.

मग तिच्याच आधी ध्यानात आलं. "अहो," ती म्हणाली, "आज मला परत घरी सोडताय का?"

गाडी थांबली. भाऊजींनी मानेवरचा घाम पुसला. मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि हसू सगळ्या गाडीभर पसरलं. भाऊजी तेवढे हसले नाहीत. त्यांनी गाडी पुन्हा वळवली आणि पूल ओलांडला. पण कुणीतरी फोनवर सगळं टिपलं होतं. दुपारपर्यंत सगळ्या शहरांनी बघून झालं. संध्याकाळी बातमी आली की उद्याच्या बैठकीत ही बस बंद करायचा ठराव येतोय.

जेवताना भाऊजींचा घास हातातच राहिला.

"वहिनी, मी राजीनामा देतो. माझ्यापायी गाडी जायला नको."

"भाऊजी, आधी जेवा."

"हातांनी केलं हो. मला कळायच्या आत."

"आणि आम्ही?" धाकटी म्हणाली. "तुमचे हात फिरले म्हणता. मी तर पिशवी घेऊन दाराशी निघाले होते. मला कुणी उठवलं? ताई, तुम्हीसुद्धा चपला शोधत होतात बाकाखाली."

कॅन्टीनवाली चावायची थांबली. खरं होतं ते. पूल ओलांडणारी बस देते म्हणून निवडून आलेली बाई, पुलाशी येताच चपला शोधायला लागली होती.

ठराव कोट मांडणार होता. वरच्या शहराचा वकील सभासद, कडक उन्हाळ्यातही कोट अंगावर, म्हणून नाव तेच. त्यानं सभागृहात ती चित्रफीत मोठ्या पडद्यावर लावली. हशा झाला.

"सन्माननीय सभासदांच्या दिरालाच हद्द ओलांडता येत नाही," कोट म्हणाला. "घरचं माणूस नेमलं की असंच होणार. बस बंद करा आणि ड्रायव्हरवर कारवाई करा."

"नेमलं डेपोनं," कॅन्टीनवाली उठत म्हणाली. "पण दीर माझाच, तो काही मी नाकारत नाही. गाडी त्यांनी वळवली हेही खरं. तुम्ही पडद्यावर चाक बघितलंत, आता दार बघा. तिथं उभी आहेत ती माणसं कोण? त्यांना कुणी उतरा म्हणालं नव्हतं. मी पण चपला शोधत होते."

"याचा मुद्दा काय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मुद्दा असा की आपण तरी काय वेगळं करतोय? मतपत्रिकेवर वरच्या शहराचं नाव नव्हतं, खालच्याचंही नव्हतं. लोकांनी एकच सरकार निवडलं. आणि पहिल्या दिवशी आत आलो तेव्हा कुणी न सांगता आपण कसे बसलो ते बघा. वरचे या कोपऱ्यात, खालचे त्या कोपऱ्यात. कचऱ्यावर बोलायला उठतो, आपल्या नाक्यापर्यंत बोलतो आणि वळतो. पाण्यावर उठतो, आपल्या टाकीपर्यंत जातो आणि वळतो. भाऊजींनी ते चाकानं केलं, आपण तोंडानं करतो. त्यांना निदान लाज वाटली. काल रात्री जेवले नाहीत."

सभागृहात खुर्च्या करकरल्या. कोट म्हणाला, "भाषण छान. पण करायचं काय?"

"कारवाई करा. ड्रायव्हरवर नको, त्या गोलावर करा. दोन्हीकडचे गोल खणून टाका. वळायला जागा असेल तोवर गाडी वळणारच."

"गोल आमच्या शहराच्या मालकीचा आहे."

"मग पहिली कुदळ मारायचा मान तुमचा."

या वेळचा हशा कोटाच्या अंगावर गेला. कॅन्टीनवालीनं आपली पिशवी उचलली, सभागृह ओलांडलं आणि खालच्या शहराच्या रांगेत एका रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसली. शेजारी त्यांचे सर्वांत वयस्कर सभासद होते. आजवर वरच्यांच्या एकाही ठरावाला त्यांनी हात वर केला नव्हता.

"इथं पंख्याचा वारा लागत नाही, बाई," ते हळूच म्हणाले.

"तिकडेही लागत नाही, काका. फक्त आवाज येतो."

ते गालात हसले. बस चालू ठेवून गोल खणायच्या तिच्या सूचनेवर मतदान झालं तेव्हा त्यांचा हात वर गेला आणि त्यांचा बघून मागच्या दोघांचा. बस वाचली. थोडक्यात वाचली, पण वाचली. कोट तावातावानं बाहेर गेला. तो परत येणारच होता. असली माणसं एका मतानं संपत नाहीत.

गोल खणायला घेतला त्या सकाळी पांढरी गाडी उताराला लागली. कामगारांनी पिवळा दगड उपटून कडेला लोळवला होता. भाऊजींनी वेग कमी केला. चाकावरची बोटं घट्ट झाली. उजवीकडे नुसती खडी आणि धूळ. गाडीत सगळे बसून होते, तरी दोघांचे हात पिशव्यांकडे गेले आणि परत आले.

"सरळ घ्या, दादा," मागून एक बाई म्हणाली, कौतुकानं.

"घेतोय," भाऊजी म्हणाले.

पुलावरचा कठडा खिडकीतून भराभरा मागं गेला. धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. बस इस्पितळाच्या फाटकाशी थांबली, धाकटी उतरली. भाऊजींना थांबता येत नव्हतं, गाडी पुढं गेली. मशीनच्या विभागाचं दार अजून बंद होतं. ती घरून नेहमीच्या वेळी निघाली होती, पूल पायी ओलांडायचा वेळ धरून.

तिनं जावेला फोन लावला. "ताई, मी पोचले सुद्धा. दारं उघडली नाहीत अजून. एवढा वेळ मी आता करू काय?"

"काही करू नकोस," कॅन्टीनवाली म्हणाली. "बस नुसती."

धाकटी सावलीतल्या बाकावर बसली आणि पाय लांब केले.