मापातली चूक

"काका, माझी अक्षरं कुठे गेली?"

चित्रकार मुलीनं पहिली फ्रेम उजेडात धरली, मग दुसरी, मग उरलेल्या चारही. फ्रेमवाले काका काउंटरमागे खिळ्यांच्या डब्यात काहीतरी शोधत असल्याचं नाटक करत होते. डब्यात खिळ्यांशिवाय काहीही नव्हतं.

"माउंट कापताना जरा माप चुकलं असेल."

"सहाच्या सहा वेळा? तेही बरोबर अर्धाच इंच?"

माउंट म्हणजे चित्र आणि फ्रेम यांच्यामधली पांढऱ्या पुठ्ठ्याची चौकट. तीस वर्षांत ती काकांच्या हातून केसभरही चुकली नव्हती. आणि अशा माणसानं प्रत्येक चित्राच्या तळाशी लिहिलेला शब्द पुठ्ठ्याखाली इतक्या सफाईनं गडप केला होता, की तिथं कधी काही नव्हतंच असं वाटावं.

चित्रं मोठी गमतीची होती. जुन्या काळातला एक मळेवाला मालक जेवणाच्या टेबलाशी बसलाय, गोऱ्यापान बायकोचा हात हातात घेऊन प्रेमानं विरघळतोय. टेबलाखाली मात्र त्याच्या पायानं बूट काढून ठेवलाय आणि तो पाय ताटं आणणाऱ्या काळ्या बाईच्या रोखानं निघालाय. ती अंग चोरून उभी. सगळ्या खोलीत एकटा कुत्रा तेवढा टेबलाखाली बघतोय. सहाही चित्रांत मालक तोच, लबाडी नवी. आणि खाली, घराण्याचं नाव कोरावं तशा सोनेरी वळणदार अक्षरांत, चारचौघांत तो त्या बाईला ज्या शब्दानं हाक मारायचा तो शब्द: काळुंद्री.

"ती बाई माझी पणजी," मुलगी म्हणाली. तिचा आवाज आता चढलेला नव्हता, उलट बसला होता. "मळ्याच्या कुठल्याच कागदावर तिचं नाव नाही. हा एक शब्द आहे फक्त. तो झाकलात तर उरतं काय? नुसता चावट विनोद. उद्या सकाळी प्रदर्शन उघडतंय, काका. पुन्हा कापून द्या."

"नाही जमायचं. दुसरीकडे बघ, पोरी."

काका मान खाली घालून बोलले. ते कठोर नव्हते हो, घाबरले होते. आतल्या खोलीत काकू बसल्या होत्या. दुकानातली प्रत्येक काच बसवण्याआधी काकूच पुसत. आणि काकू काळ्या होत्या, चांगल्या तुकतुकीत काळ्या.

वीस वर्षांपूर्वी काका एका गोऱ्या बाईच्या नादी लागून सात महिने घराबाहेर राहिले होते. सगळ्या गल्लीला तमाशा झाला. लेकाला चार शब्द सुनावायचे सोडून त्यांची आई सुनेवरच उलटली. "या काळुंद्रीच्या घरात टिकेल तरी कोण?" पुढे काका परत आले, आई वारली, आणि त्या सात महिन्यांबद्दल नवराबायकोंत आजतागायत अवाक्षर झालं नव्हतं. ते तसंच राहावं, एवढंच काकांना हवं होतं. त्यापायी धंद्यावर पाणी सोडायलाही ते तयार होते.

पडदा सरला. काकू हातातलं फडकं झटकत बाहेर आल्या. त्यांनी चित्र बघितलं आणि खुदकन हसल्या.

"या घरात अक्कल काय ती कुत्र्यालाच."

"अगं, तू आत जा. काही नाही, मापाची गडबड झालीये."

"कसली गडबड? चित्रं आली त्याच दिवशी वाचलाय मी तो शब्द. तुम्ही चहाला गेला होतात."

काका जागच्या जागी गार झाले. मुलगी एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिली.

"मला लागेल म्हणून झाकलात ना?" काकू अगदी सहज बोलल्या. "शब्द नाही हो लागला कधी. सासूबाईंची जीभच तशी होती, पाणीसुद्धा त्या शिवी हासडूनच मागायच्या. पण तुम्ही परत आल्यावरही त्या मला तसंच म्हणायच्या. समोर तुम्ही पेपर वाचत बसलेले असायचात. पानसुद्धा उलटायचं नाही तुमचं. ते लागलं."

त्यांनी फ्रेम काकांपुढे सरकवली. "तेव्हा ऐकून न ऐकल्यासारखं केलंत, आता झाकून ठेवताय. एकदा तरी उघडं राहू द्या."

मग त्या आत गेल्या. काकांना रडू फुटलं. गिऱ्हाइकासमोर रडायची त्यांची ही पहिलीच वेळ, म्हणून त्यांनी पुन्हा खिळ्यांचा डबा जवळ ओढला. मुलीनं तोंड फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं.

संध्याकाळपर्यंत सहाही माउंट नव्यानं कापून झाले. काकूंनी सहाही काचा पुसून दिल्या.

दुसऱ्या दिवशी दोघं ठेवणीतले कपडे घालून प्रदर्शनाला गेले. लोक चित्रापुढे यायचे, कुत्र्यावर खदखदून हसायचे, मग खालची अक्षरं वाचायचे आणि हसणं तिथल्या तिथे विरायचं. एरवी काका अशा ठिकाणी फ्रेमचे कोपरे तेवढे तपासून बाहेर सटकत. आज ते काकूंना खेटून उभे राहिले.

एक पोक्त गृहस्थ शब्द वाचून मान हलवत म्हणाले, "काय एकेक काळ होता! आता असं कोण बोलतं?"

काकांचे पाय बाहेरच्या दिशेनं निघालेच होते. पण ते वळले.

"माझी आई बोलायची," ते म्हणाले. जरा मोठ्यानंच बोलले गेले. दोनचार जणांनी वळून बघितलं. "हिला. ही माझी बायको. चूक माझी होती आणि ऐकून घेतलं हिनं. मी तिथंच बसलेला असायचो, हूं की चूं केलं नाही."

मघाच्या हसण्याच्या भरात काचेवर कुणाचं तरी बोट उमटलं होतं, बरोबर त्या शब्दावर. काकूंनी पिशवीतून फडकं काढलं, काचेवर हळूच श्वास सोडला आणि तो डाग पुसायला घेतला. दुसऱ्या हातानं त्यांनी काकांची बाही धरली होती. डाग गेला तरी ती त्यांनी सोडली नाही.