अठरा तासांच्या आधी

प्रयोगशाळेत तिला सगळे घड्याळबाई म्हणायचे. तोंडावर नाही हं, तोंडावर ताई. पण पाठ फिरली की घड्याळबाई, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. कुणी प्लेट वेळेआधी उघडून पाहिली की ती त्याची अशी खरडपट्टी काढायची, की तो माणूस पुढे महिनाभर इनक्युबेटरच्या वाऱ्याला उभा राहायचा नाही. "अठरा तास म्हणजे अठरा तास! जंतू काय तुमचे पगारी नोकर आहेत, हाक मारली की हजर व्हायला?" हे तिचं ठरलेलं वाक्य. एकवीस वर्षं ती हेच बोलत आली होती आणि एकवीस वर्षं लोक मान खाली घालून ऐकत आले होते.

काम तसं सांगायला सोपं. वॉर्डातून रुग्णाचं रक्त, पू, जे काही येईल, त्यातले जंतू प्लेटमधल्या जेलीच्या थरावर पसरायचे. त्यावर औषधात भिजवलेल्या, शर्टाच्या बटणाएवढ्या कागदाच्या चकत्या ठेवायच्या आणि प्लेट इनक्युबेटरच्या उबेला लावायची. जे औषध लागू पडतं, त्याच्या चकतीभोवती जंतू उगवत नाहीत, स्वच्छ गोल राहतो. लागू पडत नसेल, तर जंतू चकतीला खेटून उगवतात. झालं. पण हे दिसायला जंतूंना पुरतं वाढू द्यावं लागतं, आणि धीर धरायचा म्हटलं की माणसाच्या जिवावर येतं.

त्यातून गेली तीन वर्षं ती आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम एका वेगळ्याच जातीच्या मागे लागल्या होत्या. काही जंतू भारी लबाड निघतात. औषध पडलं की सगळे मरतात, पण लाखातले दहावीस जगतात, कारण औषध तोडणारं प्रथिन त्यांच्या पोटात इतरांपेक्षा कितीतरी जास्त तयार होत असतं. सुरुवातीला गोल अगदी स्वच्छ दिसतो. मग तेराव्या, पंधराव्या, सतराव्या तासाला त्या गोलाच्या आत एकेक करून हे पठ्ठे डोकं वर काढतात. मॅडमनी शोधनिबंधात त्यांना लांबलचक नाव दिलं होतं, ती आपली त्यांना 'दडी मारून बसलेले' म्हणायची. अशा दोनशेच्या वर प्लेटा तिने स्वतः मोजल्या होत्या. वेळेआधी पाहिलेली प्लेट कशी फसवते, हे तिच्याइतकं त्या इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं.

आणि नेमके तिच्याच वडिलांच्या रक्तात ते जंतू निघाले.

बाबांनी जन्मभर शिलाई मशीनं दुरुस्त केली. ब्याऐंशीव्या वर्षी माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढले, कुणाला विचारलं नाही की सांगितलं नाही, आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. शस्त्रक्रिया छान झाली. बाराव्या दिवशी जखमेतून पाणी यायला लागलं, मग ताप, मग जंतू रक्तात. रोज संध्याकाळी ती घरी आली की बाबा विचारायचे, "काय, जेवले का तुझे जंतू?" प्रयोगशाळेच्याच इमारतीतल्या वॉर्डात, पलंगावर पडल्यापडल्याही त्यांनी तेच विचारलं, आणि वर म्हणाले, "आता तर काय, घरचेच झाले." ती हसली, बाहेर व्हरांड्यात गेली आणि भिंतीकडे तोंड करून रडली.

आई नऊ दिवस त्या पलंगापासून हलली नव्हती. तापाच्या गुंगीतून बाबा जागे झाले की आधी हाताने चादर चाचपायचे, आई दिसली नाही की लहान मुलासारखे घाबरायचे. पहिल्याच दिवशी ते आईला म्हणाले होते, "डोळे उघडले की तू दिसायला हवीस. बाकीचं डॉक्टर काय ते बघून घेतील." आई म्हणाली, "मी कुठे जातेय? इथेच आहे." आणि खरंच, लोखंडी खुर्चीत बसून राहिली. पायांना सूज आली, चपला पायात जाईनात. मुलगी म्हणायची, दोन तास घरी जा, मी बसते. आई ऐकेल तर शपथ. "ह्यांना बरं वाटतंय असं तू सांग, मग जाते," एवढंच म्हणायची.

आता ते सांगायचं कसं? एक एक करून सगळी औषधं हरली होती. राहिलं होतं एकच, अगदी नवं. डॉक्टरांनी ते अंदाजाने सुरू केलं होतं, आणि त्याची चकती मॅडमनी संशोधनासाठी आलेल्या साठ्यातून काढली होती. ती प्लेट मॅडमनी स्वतः लावली, संध्याकाळी पाच वाजता. "ही प्लेट तुझी नाही," त्या तिला म्हणाल्या. "बापलेकीच्या भानगडीत वाचन बिघडतं. उद्या अकराला मी वाचणार. तू हात लावायचा नाहीस, कळलं?"

"कळलं," ती म्हणाली.

कळलं म्हणे! सकाळी सहाला ती प्रयोगशाळेत हजर. कुणीही नव्हतं. कोट चढवला, हात धुतले, उगाचच टेबल पुसलं. मग इनक्युबेटरचं दार उघडलं. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर तिने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. प्लेट तिने खिडकीपाशी नेली, उजेडासमोर धरली.

गोल होता. नव्या औषधाच्या चकतीभोवती स्वच्छ, मोठा, नितळ गोल. तिने पट्टी घेऊन मोजला. पुन्हा मोजला. आत काही म्हणता काही नव्हतं. तेरा तास झाले होते. तेरा म्हणजे काही कमी नाहीत, तिने स्वतःला सांगितलं, आणि आपण स्वतःला काय सांगतोय हे तिला नीट ऐकू येत होतं. पण तिला बाप हवा होता हो! त्या क्षणी ती कुणाची ताई नव्हती की घड्याळबाई नव्हती. प्लेट जागेवर ठेवून ती दोन मजले धावत चढली.

"आई, सापडलं."

आई खुर्चीतून अर्धी उठली. "काय सापडलं?"

"औषध. लागू पडतंय. काल सुरू केलं ना, तेच."

"नक्की?"

"मी आत्ता बघून आले."

आईने तोंडाला पदर लावला. मग ती बाबांच्या कानाशी वाकली. "अहो, ऐकलंत का? औषध सापडलं."

बाबांनी डोळे उघडले. "कुणी शोधलं?"

"आपल्या हिनेच."

"मग पक्कं," बाबा म्हणाले. थोडा वेळ धापा टाकल्या आणि आईकडे बघून म्हणाले, "आता घरी जा. आंघोळ कर. तुझा हा अवतार बघूनच पळाले असतील ते जंतू."

नऊ दिवसांत आई पहिल्यांदा हसली. जाऊ की नको, जाऊ की नको, असं दाराशी दोनदा तिने मागे वळून पाहिलं. मुलीनेच तिच्या हातात पिशवी दिली, मुलीनेच तिला रिक्षात बसवलं. आंघोळ, दोन तास झोप, बाराच्या आत परत, असं ठरलं. रिक्षा वळेपर्यंत ती फाटकाशी उभी होती. किती तरी दिवसांनी तिला भूक लागली होती.

परत येऊन ती बाबांजवळ साडेनऊपर्यंत बसली. ते शांत झोपले होते. नमुन्यांची रांग लागलीय म्हणून खालून बोलावणं आलं, आणि ती सकाळपाळीच्या सिस्टरना लक्ष ठेवायला सांगून निघाली.

अकराला मॅडमनी प्लेट काढली. आधी नुसती पाहिली, मग दिव्याखाली धरली, मग भिंग घेतलं. ती टेबलाच्या पलीकडे उभी होती. मॅडमनी भिंग तिच्याकडे सरकवलं.

गोलाच्या आत ठिपके होते. टाचणीच्या टोकाएवढे, पांढुरके, नीट उगवलेले. तिचं मन कुठे होतं देव जाणे, पण डोळ्यांनी सवयीने मोजणी सुरू केली. सतरा. चकतीच्या अगदी कडेला दोन.

"सकाळी उघडली होतीस?" मॅडमनी विचारलं.

"हो."

"कुणाला सांगितलंस?"

"आईला."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. आईला फोन करावा म्हणून ती वळली, तेवढ्यात वॉर्डातून फोन आला. रक्तदाब एकाएकी खाली गेला होता. ती पोचली तेव्हा डॉक्टर पलंगापासून बाजूला होत होते.

सकाळपाळीच्या सिस्टर तिला व्हरांड्यात घेऊन गेल्या. नऊ दिवस ह्याच बाईने आईला बिस्किटं खायला लावली होती, उशी आणून दिली होती. "तुम्हाला सांगते, आईंना सांगू नका," सिस्टर हळूच म्हणाल्या. "डोळे उघडून दोनदा विचारलं त्यांनी आईंचं, ही आली का म्हणून. मी म्हटलं, निघाल्यात, येतीलच. माझा हात धरला होता त्यांनी. सोडवून घेतला नाही मी."

आई पावणेबाराला आली. केस अजून ओले होते. पिशवीत बाबांचा धुतलेला सदरा होता, बरं वाटतंय तर बदलू म्हणून आणलेला.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. माणसं आली, बसली, गेली. येईल त्याला आई एकच सांगायची. "औषध सापडलं होतं हो. आमच्या हिनेच शोधलं. लागूसुद्धा पडलं होतं." आणि मग आवाज चढायचा. "मग माणूस जातो कसा? मी जरा हलले काय, कुणाचं लक्ष राहिलं नाही. सलाईन संपली असेल, नळी निघाली असेल. त्या सकाळच्या नर्सचं काम ते. मी असते तर पाहिलं असतं." एवढं बोलून झालं की ती स्वतःच्या गालावर हलकेच चापट मारून घ्यायची. "माझीच चूक. मी गेलेच कशाला?" जेवायला बसली की दोन घासांवर उठायची. मुलगी समोर बसून ताटात बोटं फिरवत राहायची. आज सांगू, उद्या सांगू, असे तीन आठवडे निघून गेले.

एका दुपारी आईने चार पानी कागद तिच्यापुढे ठेवले. रेघा आखून, नीट अक्षरात लिहिलेली तक्रार. सकाळपाळीच्या नर्सच्या हलगर्जीपणामुळे माझे पती, असं सुरू होत होतं. "तुझं लिहिणं शुद्ध आहे, चुका काढ," आई म्हणाली. "आणि उद्या तिथल्या मोठ्या डॉक्टरांच्या हातात दे. तिला सोडायची नाही मी."

तिने पहिलं पान वाचलं. दुसरं उलटलं. पुढे वाचवेना.

"आई, ह्यात सिस्टरची काही चूक नाही."

"तू नको तिची बाजू घेऊस. तुम्ही एकाच ठिकाणच्या आहात म्हणून…"

"औषध लागू पडलंच नव्हतं, आई."

आई बघतच राहिली. "तूच तर सांगितलंस."

"मी वेळेआधी पाहिलं. पाच तास आधी. तेव्हा तसं दिसत होतं. अकराला पाहिलं तर ते जंतू त्या औषधालाही पुरून उरले होते. कुणी काही करू शकलं नसतं. सिस्टर नाही, डॉक्टर नाही, तूसुद्धा नाही. मला माहीत होतं थांबायला हवं. दुसऱ्या कुणाला मी कधी पाहू दिलं नसतं. पण मला राहवलं नाही. चूक माझी आहे. तुझी नाही, आई, तुझी अजिबात नाही."

तिला वाटलं होतं, आई रडेल, नाहीतर ओरडेल, नाहीतर एक मुस्काटात देईल. दिली असती तर तिने खाल्ली असती. आईने ते चार कागद गोळा केले, कडा जुळवल्या, दुमडले.

"म्हणजे मी उगाच गेले," आई म्हणाली.

स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता, तो बंद करायला म्हणून ती उठली आणि परत येऊन बसली.

मग आईने विचारलं, "त्यांनी विचारलं होतं का गं मला?"

"नाही," ती म्हणाली. "झोपेतच गेले. डोळे उघडलेच नाहीत."

आईने मान वर केली आणि तिच्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. आयुष्यात कधी आईने तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं.

"हे तरी खरं सांगतेयस ना?"

"हो," ती म्हणाली.