गोदाबाईचा दोरा

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. सेमाडोहच्या रस्त्यावर, एका वळणाला, रोही, म्हणजे नीलगाय, माझ्यासमोर आडवा आला आणि मी पडले. माझं सगळं तिथून सुरू झालं, म्हणून तिथूनच सांगते.

मी एक मोटारसायकल बोलतेय. बाजारात भाजी आणायला नेतात तसली नाही, लांबच्या प्रवासाची. उंच सीट, रुंद हँडल, पोटभर पेट्रोल मावेल अशी टाकी, मागे पेट्या अडकवायला लोखंडी कठडे. घाट, दगड, नदीतली वाट, असल्या रस्त्यांसाठी मला घडवलेलं. अमरावतीच्या गोपालनं मला नवी कोरी घरी आणली तेव्हा त्याच्या आईनं, गोदाबाईनं, मला ओवाळलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबू फुटलं तसा गोपाल लहान पोरासारखा हसला.

तो माझ्याशी बोलायचा. चढावर म्हणायचा, "चाल वं, आता थोडंच राहिलं." माणूस गाडीशी बोलतो तेव्हा गाडीला वाटतं, आपण त्याच्या घरच्या. मलाही तसंच वाटायचं.

त्या दिवशी मी आडवी झाले आणि घसरत जाऊन दगडावर आदळले. सगळा मार माझ्या मानेवर आला. मान म्हणजे हँडल जिथे चेसिसला, गाडीच्या सांगाड्याला, जोडलेलं असतं, ती जागा. तिथेच भेग पडली. गोपालला मात्र कोपरावर खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. तो माझ्या टाकीला मिठी मारून रडला. "तू होती म्हणून वाचलो," म्हणाला. मला माझं दुखणं विसरायला झालं.

परतवाड्याला गोपालनं एका वेल्डरकडून मला वेल्डिंग करून घेतलं. तो म्हणाला, "चेसिस बदला लागते भाऊ. हे गावातल्या गावात ठीक आहे. लंब्या रस्त्यावर नोका नेऊ." गोपालनं मान हलवली. मग वेल्डिंगवर काळा रंग मारला, मला घरी आणलं आणि आईला म्हणाला, "बुढे, गाडीले नजर लागली. बाहुली बांधून दे."

गोदाबाईनं जुन्या लुगड्याच्या काळ्या तुकड्याची बाहुली शिवली. बिब्बा ओवला, मिरच्या ओवल्या. नंबरप्लेटपाशी बांधायला गेली तर गोपाल म्हणाला, "तथी नोको. अथी, वरतं बांध. चांगला जाड गुंडाळ."

त्या माउलीनं जाड दोरा माझ्या मानेभोवती फेऱ्यावर फेरे घेऊन गुंडाळला आणि हात जोडले. "माह्या लेकाले सांभाळजो," म्हणाली. दोऱ्याखाली काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं. लेकाला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला खूप धुतलं. इतक्या धुण्याचं मला नवल वाटलं. माणसं गाडी वापरताना जितकी धुत नाहीत तितकी विकायच्या आधी धुतात, हे मला तेव्हा कळलं.

अकोल्याहून सुगत आला. सोबत त्याची बायको रश्मी, कडेवर तीन वर्षांची माया. सुगतकडे तोवर शंभर सीसीची जुनी गाडी होती. आपली अशी एक उंच गाडी असावी, बायको-लेकराला घेऊन लांब जावं, हे त्याचं लग्नाआधीपासूनचं स्वप्न. नवी परवडत नव्हती म्हणून वापरलेली पाहत होता. मला पाहून तो बोलायचंच विसरला. नुसता माझ्याभोवती फिरत होता.

बोलली ती रश्मी. एकच विचारलं तिनं. "भाऊ, खरं सांगजा. गाडी पडली होती का कधी?"

गोपालनं हात माझ्या टाकीवर ठेवला. त्याच जागी, जिथे तो रडला होता. म्हणाला, "वहिनी, लेकरावानी सांभाळली. मायची आन, एक डाव बी नाही पडली."

मला तोंड असतं तर मी त्याच वेळी ओरडले असते.

रश्मीचं मन काही भरलं नव्हतं. ती वाकून माझ्या मानेपाशी पाहू लागली. बोटं दोऱ्याला लागली तसा गोपाल पटकन म्हणाला, "त्याले हात नोका लावू वहिनी. मायनं बांधली नजरेसाठी. मायचा जीव आहे त्याच्यात."

सुगत-रश्मीचं घर बाबासाहेबांना मानणारं. बाहुली-बिब्बा त्यांच्याकडे कुणी बांधत नाही. पण कुणाच्या तरी आईनं बांधलेलं आहे हे ऐकलं आणि रश्मीनं हात मागे घेतला. आपण मानत नसलो तरी दुसऱ्याच्या आईचा मान ठेवावा, एवढंच तिच्या मनात आलं. गोपालनं ओळखलं होतं की ही बाई असं करील. सौदा झाला आणि मी निघाले तेव्हा त्यानं वळून पाहिलंही नाही.

अकोल्याला सुगतची आई, चतुराबाई, मला पाहून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हे मोटारसायकल होय का उंट? याच्यावर चढाले शिडी लागन मले."

"आई, तुमाले कोन बसवून राहिलं?" सुगत म्हणाला.

"बसवजो नोको. अन् हे बाहुली काढ पयले. आपल्या घरात चालत नाही."

रश्मीच मधे पडली. "राहू द्या ना आई. त्याइच्या मायनं बांधली. आपलं काय जाते?"

दोरा तसाच राहिला.

पण माझी मान आतून उकलत होती. गतिरोधकावर चाक आदळलं की 'कट्' असा बारीक आवाज यायचा. मीच काढायचे तो. माझ्याजवळ दुसरं होतं काय सांगायला? सुगतला तो ऐकू यायचा नाही. नव्या गाडीच्या माणसाला इंजिनच ऐकू येतं. रश्मीला मात्र यायचा.

"आवाज येऊन राहिला हो गाडीतून."

"तुले तर फ्रिजचाबी आवाज येते. रात्री उठून माया श्वास घेते का नाही पाहतं तू. तुयं काही खरं नाही."

उतरल्यावर ती एक हात माझ्या टाकीवर ठेवून उभी राहायची, जसं तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात.

रश्मीचं माहेर तिवशाला. तिच्या भावाकडे बारसं होतं. सुगत म्हणाला, बस नको, आता आपली गाडी आहे. माया दोघांच्या मधे, रश्मीच्या ओढणीनं बापाच्या पाठीशी बांधलेली. मोठ्या रस्त्याला लागल्यावर ट्रक बाजूनं सुसाट जात होते आणि सुगत मला पळवत होता. मला परतवाड्याचं बोलणं आठवत होतं. लंब्या रस्त्यावर नोका नेऊ. मी लंब्या रस्त्यावर होते आणि माझ्यावर तीन जीव होते. एकदा भीती वाटली की मी आता मोडणार, आणि लोक म्हणतील, गाडी फसवी निघाली.

मूर्तिजापूरच्या अलीकडे एका गतिरोधकावर मी सगळा जोर लावून वाजले. 'कट्' नाही, 'कडक्'.

"थांबवा!" रश्मी ओरडली. "थांबवा म्हनतो ना मी!"

चहाच्या टपरीशी सुगतनं मला उभं केलं. चिडला होता. "काय झालं आता? बारसं चुकवतं का?"

रश्मीनं मायाला त्याच्या हातात दिलं. माझ्यासमोर खाली बसली. दोऱ्याला हात लावला आणि थांबली. मग हळूच, गोदाबाईच समोर असल्यासारखी, म्हणाली, "माफ करजा बाई, तुमाले मी पाह्यलंबी नाही." आणि दातांनी गाठ तोडली.

फेरे सुटत गेले. बाहुली मातीत पडली. खाली रंग पोपडे होऊन उडाला होता आणि वेल्डिंगच्या शेजारून केसासारखी भेग अर्ध्या मानेपर्यंत आली होती. गंजानं लाल.

सुगतनं मायाला छातीशी असं धरलं की ती रडू लागली.

मग त्यानं गोपालला फोन लावला. तिकडून आवाज आला, "पाहूनच घेतली ना दादा? आता मले काय सांगून राहिले?" फोन बंद.

रश्मीनं फोन घेतला, पुन्हा लावला. "भाऊ, आमाले पैसे मांगाचे नाही. तुमच्या मायले फोन द्या. त्याइचा दोरा आहे माह्याकडे."

तिकडून फोन कट झाला. तेव्हापासून तो नंबर लागतच नाही.

ते एसटीनं पुढे गेले. मला छोट्या टेम्पोत निजवून अकोल्याला आणलं. आता मी घरामागे ताडपत्रीखाली आहे. चेसिस बदलायची सुगतची ऐपत नाही आणि जुनी गाडी तर आधीच विकली गेलेली. तो पायी कामाला जातो. जाताना माझ्याकडे बघत नाही. कधी रश्मीवरच चिडतो, जसं काही भेग तिनंच पाडली.

मागच्या आठवड्यात गाड्या घेणारा-विकणारा एकजण आला. माझ्या मानेवरची भेग आणि दोऱ्याचे वळ पाहून सुगतच्या कानाशी लागला. "दोरा पडला असन ना तुमच्याकडे? गुंडाळा परत. अचलपूरचा एक पोरगा आहे, डोळे झाकून नेते."

सुगत घरात गेला आणि दोरा घेऊन बाहेर आला. हातात धरून उभा राहिला. मी म्हटलं, चला, आता हाही गोपालच्या वाटेनं गेला. रश्मी दारातून म्हणाली, "त्या पोराले माय नसन का?" तिचा आवाज चढला नव्हता. सुगतनं दोरा तिच्या हातात दिला आणि त्या माणसाला म्हणाला, "चाय घेऊन जा. गाडी नाही भेटत."

संध्याकाळी रश्मीनं तिची लाल नेलपॉलिश आणली आणि माझ्या भेगेभोवती मोठा गोल काढला. दुरूनही दिसेल असा. मी इतकी उघडी कधी पडले नव्हते, आणि इतकं हलकंही मला कधी वाटलं नव्हतं.

दोरा आणि बाहुली तिनं धुऊन डब्यात ठेवलीय.

माझं मागणं एवढंच. तुमच्यापैकी कुणी वापरलेली गाडी घेत असेल तर त्याला सांगा, गाडीला जे बांधलंय ते सोडून बघ. मान राखायचाच तर बघितल्यावर पुन्हा बांध. आणि अमरावतीकडे कुणी जात असेल, कुठे गोदाबाई भेटलीच, तर तिला म्हणा, दोरा अकोल्यात जपून ठेवलाय. तुमच्या हाताची काही चूक नव्हती. फक्त तो वरतं बांधायला का सांगितला, हे एकदा लेकाला विचारा.