सर बसले की हलणारी रेघ

"आज रेघ हलली तर टेबल रिकामं करायचं," मोठे सर म्हणाले आणि सेन्सरसमोरच्या लाकडी खुर्चीत बसले.

रेघ हलली. हलणारच होती. सर नसताना ती पडद्यावर शहाण्या लेकरासारखी पडून राहायची. सर बसले की तिच्या अंगात यायचं.

टेबल जिचं होतं, त्या मुलीला प्रयोगशाळेत सगळे शंकासूर म्हणत. ती प्रत्येक गोष्टीला 'का' विचारायची आणि उत्तर मिळालं की 'कशावरून'. नखाएवढ्या पात्यावर तिनं दोन थर चढवले होते. वरचा धातूचा, चुंबकाची चाहूल लागली की तो कणभर ताणला जायचा. त्याला चिकटलेला खालचा असा की, ताण पडला रे पडला की विजेची कुरकूर सुरू. पीळ एकाच्या अंगाला, ओरड दुसऱ्याची. संसारच म्हणा. छातीला तारा न डकवता, नुसतं जवळ ठेवून हृदय ऐकायचं, त्यासाठी हा सगळा खटाटोप.

"गोंगाट आहे," सर म्हणाले. "थरच कच्चा. मी पहिल्यापासून सांगतोय."

मोठ्या माणसाला कळलं नाही की त्याला गोंगाट म्हणतात. लहान माणसाला कळलं नाही तर तो मूर्खपणा.

"सर, गोंगाटाला ताल नसतो. ह्याला आहे."

"लिफ्ट असेल."

"लिफ्ट बंद ठेवून पाहिली."

"मग हा टाकी असेल."

टाकी म्हणजे तिचा कामातला जोडीदार. थर चढवायच्या स्टीलच्या टाकीत दिवसभर डोकं खुपसून असायचा, म्हणून हे नाव. "मला कशाला ओढता, सर? काल ह्याच खुर्चीत मी डुलकी काढली. रेघ माझ्याहून गाढ झोपली होती."

घड्याळ, किल्ल्या, मोबाइल, बूट, सगळं तिनं सरांकडून काढून बाहेर ठेवलं होतं. सर मोज्यांवर बसले होते आणि त्याचाही राग होता. बाहेरचं चुंबकत्व अडवायला सेन्सरभोवती धातूचं कवच घालू का, म्हणून तिनं विचारलं होतं, तर म्हणे, "दवाखान्यात पेशंटला डब्यात कोंबणार आहेस का?"

ती रेघेकडे बघत राहिली. सावकाश वर, त्याहून सावकाश खाली, मग जरा थबकून पुन्हा वर. सर टाकीवर खेकसले, तशी रेघ भराभर धावली. सरांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. रेघ घोटापुरती थांबली.

तिची नजर पडद्यावरून सरांच्या शर्टावर गेली. पोट वर, रेघ वर. पोट खाली, रेघ खाली. परक्या पुरुषाच्या पोटाकडे असं टक लावून बघू नये, हे तिला घरात शिकवलं होतं. पण आता ती नुसते डोळे उरली होती.

बोललं तर टेबल जाणार, वर सरांचा राग. गप्प बसलं तर थर भंगारात. दोन्हीकडून मरणच, मग निदान कारण कळून मरावं!

"सर, श्वास रोखा."

"काय?"

"श्वास. जरा रोखून धरा."

सरांनी धरला. रेघ आडवी झाली. सरांचे गाल फुगले, कान लाल झाले, रेघ ढिम्म. शेवटी फुस्सकन श्वास सुटला आणि रेघ उडाली.

टाकीनं तोंडावर हात दाबला.

"सर, तुमच्या पोटावर काय आहे?"

चुंबकाची कडी घालून दुखणी घालवणाऱ्या भोंदूंना चौकात उभं करा, असं भर सभेत गरजणारा हा माणूस. तो उठला, कपाटाआड गेला. चर्रर्र आवाज आला. परतला तेव्हा हातात काळा पट्टा होता, गोल चुंबक शिवलेला.

"कंबर धरते," सर म्हणाले. "बायकोनं आणलाय. गुण काही येत नाही."

"मग घालता कशाला?"

"रोज विचारते, घातलात का म्हणून. तिच्याशी खोटं बोलता येत नाही."

"आमच्याशी येतं," टाकी पुटपुटला.

"चुंबकांच्या प्रयोगशाळेत चुंबक बांधून यायचं," ती म्हणाली, "आणि कच्चा म्हणायचं माझ्या थराला!"

सरांनी माफी मागितली नाही. अशी माणसं मागत नाहीत. पण ते तिच्याकडे बघतच नव्हते. पट्टा हातात धरून पाऊलभर मागे सरकले, रेघ खचली. आणखी सरकले. भुवया वर गेल्या.

"इतक्या लांबून?"

"इतक्या लांबून."

सर मोज्यांवरच दाराशी गेले. "दिसतोय?"

"दिसतोय."

बाहेर गेले. शेजारच्या खोलीतली माणसं माना काढून बघू लागली. सर पट्टा डोक्यावर धरून हलवत होते. "आता?"

"जेमतेम! पण दिसतोय!" ती ओरडली, आणि लगेच, "सर, टेबलाचं काय?"

"कसलं टेबल?" बाहेरून आवाज आला. "आता आडवा धरलाय, बघ लवकर!"

ती बघू लागली.